स्तूप भरीव असतो

आमच्या विहाराच्या बांधकामाची बैठक गेल्या महिन्यात झाली. पाया किती खोल घ्यायचा यावर कुणी बोललं नाही, जिना कुठून काढायचा यावर नाही, संडासावर तर अजिबातच नाही. अडीच तास खल झाला तो घुमटावर. पोरांचं म्हणणं, स्लॅबवर घुमट पाहिजेच, सोनेरी रंगाचा, हायवेवरून जाणाऱ्याला दिसला पाहिजे. दोघातिघा वडीलधाऱ्यांचं म्हणणं, घुमट नको, लांबून मशीद वाटेल, उगाच कटकट कशाला. त्यावर एकाने मोबाइल काढून फोटो फिरवले: जगातले सगळे घुमट मुळात आपलेच, मशिदीचेही आपल्यावरूनच, पिंडीसुद्धा स्तूपच. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या निवृत्त गुरुजींनी तोंड उघडलं. बुद्धांनी पूजाअर्चा सांगितलीच नाही, सरळ स्लॅब टाका आणि वर अभ्यासिका काढा. चौघांच्या चार दिशा, पण एक गोष्ट चौघांनीही धरून चालली होती: घुमट म्हणजेच स्तूप. ते तपासून बघावं असं कुणालाच वाटलं नाही.

मी तिथे बोललो ते इथे लिहितो. विहाराच्या स्लॅबवर घुमट घालू नये. स्तूप जरूर बांधावा, पण भरीव बांधावा, जमिनीवर बांधावा, आणि भोवती फिरायला वाट ठेवावी. घुमट परक्यांचा म्हणून नको, असं माझं म्हणणं नाही. तो वाद मला पोरकट वाटतो. माझं म्हणणं इतकंच की घुमट आणि स्तूप बाहेरून सारखे दिसले तरी कामाने एकमेकांच्या उलट आहेत. घुमट आतल्या माणसासाठी असतो, स्तूपाला आत नसतंच. आपण नुसत्या बाह्यरेषेवर भांडत बसलो तर जे आपलं आहे तेच हातातून जाईल आणि कळणारही नाही.

शेजारच्या गावात दोन वर्षांपूर्वी असाच घुमट झाला. काम माझ्या आतेभावाकडे होतं, त्यामुळे मी बरेचदा संध्याकाळी तिथे असायचो. स्लॅबमध्ये मधोमध मोठा गोल मोकळा सोडला होता. एवढ्याशा घुमटाला गोल प्लेटांचं सेंट्रिंग परवडत नाही, म्हणून त्याने जुनी रीत काढली. मोकळ्या गोलाला खालून टेकू देऊन फळ्या टाकल्या. बरोबर मध्यावर एक पाइप उभा केला. पाइपाभोवती विटांचे तुकडे आणि माती रचत ढीग केला, वरून चिखलाचा हात फिरवला, आणि पाइपात अडकवलेला लाकडी फर्मा गोल फिरवत फिरवत तो ढीग असा घोटून काढला की कलिंगडाची फोड पालथी घातल्यासारखा दिसायला लागला. त्यावर सळईची जाळी, जाळीवर काँक्रीट. तीन आठवड्यांनी टेकू काढले, फळ्या सरकवल्या, माती घमेल्या-घमेल्याने खाली उतरवली आणि ट्रॉलीत भरून नेली. मी म्हटलं, "आप्पा, तीन आठवडे हा स्तूप होता. आज तू त्याचा घुमट केलास." तो म्हणाला, "ट्रॉलीवाल्यानं दोन खेपांचं पैसं घेतलं, त्येचं काय ते सांग आधी."

मी थट्टा करत नव्हतो. स्तूप या शब्दाचा अर्थच ढीग, रास. पालीत थूप. मातीच्या, विटांच्या, दगडाच्या त्या राशीला अंड म्हणतात. खाली मेढी, म्हणजे जोतं. वर हर्मिका, म्हणजे चौकोनी कठडा. तिच्यातून निघणारी यष्टी आणि यष्टीवर छत्र. आप्पाचा पाइप म्हणजे यष्टीच, गोल सांभाळणारा मधला खांब. फरक एवढाच की स्तूपात खांब आणि माती दोन्ही तिथेच राहतात, त्यासाठीच तर सगळा खटाटोप असतो. घुमटात दोन्ही काढून टाकावे लागतात, नाहीतर घुमट होतच नाही. सांचीचा मोठा स्तूप आधी अशोकाच्या काळी विटांचा होता, पुढे त्यावर दगडाचं आवरण चढलं. व्यास सुमारे १२० फूट, उंची ५४ फूट. एवढ्या प्रचंड गोष्टीत माणसाला पाय ठेवायला जागा नाही. देवळात गाभारा असतो, मशिदीत दालन असतं, चर्चमध्ये बाकं असतात. इथे दारच नाही. तोरणं, म्हणजे कोरीव दगडी वेशी, चार, पण तोरणातून आत गेलात की समोर येते ती पाषाणाची वाटोळी भिंत, आणि तुम्हाला डावीकडे वळून चालू लागावं लागतं. चालणं हीच तिथली वंदना.

याचा अर्थ काय? लोक एका दमात सांगतात: अंड म्हणजे विश्व, हर्मिका म्हणजे देवलोक, छत्रं म्हणजे त्रिरत्न, पायऱ्या म्हणजे पंचमहाभूतं. यातलं काही जुनं आहे, काही पुढच्या शतकांत चढत गेलं, आणि एकाच स्तूपाचे पाच अर्थ पाच परंपरांनी लावलेत. मला त्यांतला सर्वांत जवळचा वाटतो तो श्रीलंकेतला. महावंस या तिथल्या जुन्या पाली इतिहासग्रंथात गोष्ट आहे. दुट्ठगामणी राजाला अनुराधपूरला महास्तूप बांधायचा होता. त्याने स्थपतीला विचारलं, आकार कसा देशील? स्थपतीने सोन्याचं भांडं पाण्याने भरायला लावलं, ओंजळीत पाणी घेऊन त्या पाण्यावर आपटलं. मोठा बुडबुडा उठला. असा देईन, तो म्हणाला. धम्मपद ज्याच्या पाठांतरात आहे त्याला इथे ओळ आठवेलच, 'यथा बुब्बुळकं पस्से', जगाकडे बुडबुड्यासारखं बघ, म्हणजे मृत्युराजाला तू दिसणार नाहीस. आता विचार करा: जगातली सर्वांत क्षणभंगुर वस्तू, आणि तिचा आकार घेतला सर्वांत जड, सर्वांत भरीव बांधकामाला. ही विसंगती बांधणाऱ्यांच्या लक्षात आली नसेल? मला तर वाटतं, स्तूपाचं सगळं सामर्थ्य त्या विसंगतीतच आहे. त्याच बुडबुड्याचा पुन्हा पोकळ बुडबुडा केला की हाती सिमेंटचा फुगा राहतो.

आता पोरांच्या मुद्द्याकडे येतो, कारण चारही मुद्द्यांत तो सर्वांत वजनदार आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची वस्ती गावाबाहेर होती, ज्यांच्या सावलीचाही हिशेब ठेवला गेला, त्यांनी लांबून दिसेल असं काही बांधायचं म्हटलं तर त्यांना वास्तुकलेचे धडे द्यायला मी कोण? हे साताऱ्याच्या मातीत तर आणखीच खरं आहे. भीमराव नावाच्या मुलाचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी, आणि त्यानंतर वर्षभरातच याच जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरून कोरेगावला वडिलांकडे निघालेल्या त्या मुलाला जात कळल्यावर गाडीवान मिळेना, रात्रभर प्यायला पाणी मिळेना. त्या रस्त्यांवरून आज जाणाऱ्याला आपला घुमट दिसावा, ही इच्छा नुसती हौस नाही. आणि पोरांच्या बाजूने दाखलेही तगडे आहेत. दादरची चैत्यभूमी घ्या. नागपूरची दीक्षाभूमी घ्या: २००१ साली पूर्ण झालेला तो घुमट व्यासाने सांचीइतकाच, १२० फूट, आणि आतून पूर्ण पोकळ. गोराईचा पॅगोडा तर एकही खांब न देता दगडांत दगड अडकवून उभा केलेला, आत एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. बाबासाहेबांच्या अस्थी जिथे आहेत ती जागा पोकळ चालते, तर आमच्या तीस बाय वीसच्या विहाराला भरिवाचा आग्रह का?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला 'शुद्ध परंपरा अशी नाही' हे उत्तर देणारा माणूस खोटं बोलतोय. शुद्ध अशी परंपरा नव्हतीच. जाव्यातल्या बोरोबुदूरच्या वरच्या तीन गोलांवर ७२ स्तूप आहेत, जाळीचे, आतली बुद्धमूर्ती जाळीतून दिसते. ब्रह्मदेशात बागानला माणसांना आत घेणारी मंदिरं आहेत. चीनमध्ये जाईपर्यंत स्तूपाचा मजल्यांचा मनोरा झाला. आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याचे स्तूप आतून चाकासारखे, आऱ्यांच्या भिंती बांधून मधे माती भरलेले. म्हणजे काटेकोर बोलायचं तर भरीवही एकसंध भरीव नसतं. आकार बदलत आला, बदलत राहणार. पण दर वेळी बदल का झाला ते बघा. गोराईची पोकळी आठ हजार माणसांना एकत्र बसवण्यासाठी आहे, आणि तरीही बुद्धधातू, म्हणजे बुद्धांचे अस्थी-अवशेष, ठेवलेत ते घुमटाच्या शिरोभागी, मधल्या दगडात; म्हणजे बसणारे धातूंच्या खाली, धातू सगळ्यांच्या डोक्यावर. दीक्षाभूमीच्या पोकळीत मधोमध अस्थिकलश आहे आणि लोक त्याच्या भोवतीने फिरतात. दोन्ही ठिकाणी पोकळीला काम आहे. आमच्या स्लॅबवरच्या दहा फुटी घुमटाला काय काम आहे? खाली फॅन लटकवायला मधे हूक मिळत नाही, एवढंच मला आत्तापर्यंत दिसलंय.

हे कुत्सित वाटेल, म्हणून त्या शेजारच्या गावात काय झालं ते सांगतो. पहिल्या बुद्ध पौर्णिमेला वंदना सुरू झाली आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घुमटाच्या आतल्या बाजूवरून आवाज परततो, आणि परतताना पसरत नाही, मधल्या एका जागी गोळा होतो. 'बुद्धं सरणं'चा 'गच्छामि' व्हायच्या आत पहिला 'बुद्धं' वरून खाली येऊन त्यावर आदळत होता. बरोबर घुमटाखाली बसलेल्या म्हातारीला वाटलं माइकमध्ये बिघाड आहे. विजापूरच्या गोल घुमटात शाळेची सहल घेऊन गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं: तिथे वरच्या सज्जात कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं आणि एका टाळीच्या अनेक टाळ्या होतात. तिथे ती गंमत आहे, कारण ती बादशहाची कबर आहे आणि मेलेल्याला कुणाचं ऐकायचं नसतं. विहारात पोरांना पंचशील पाठ करून घ्यायचं असतं. शेवटी त्या लोकांनी घुमटाखाली थर्माकोलचं फॉल्स सीलिंग केलं. म्हणजे घुमट आता फक्त बाहेरून आहे. दुसऱ्या पावसाळ्यात स्लॅब आणि घुमटाच्या सांध्यातून पाणी उतरलं आणि थर्माकोलवर तपकिरी नकाशे उमटले, ते वेगळंच.

आता 'मशीद वाटेल' वाल्यांचं. यांच्या भीतीमागे दुष्टावा नाही, कटकट नको इतकंच आहे. गावात राहणाऱ्याला ते कळतं. पण त्यासाठी दिलेलं कारण टिकत नाही. घुमट कोणत्याही एका धर्माचा कधीच नव्हता. रोमचं पँथिऑन देवादिकांचं मंदिर म्हणून बांधलं, इसवी सन ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं, घुमट तोच राहिला. कॉन्स्टँटिनोपलचं हागिया सोफिया ५३७ साली चर्च म्हणून उभं राहिलं, तेव्हा इस्लामचा उदयही व्हायचा होता. आपल्याकडे कमानीच्या तत्त्वावरचा, पाचरीचे दगड बसवून केलेला घुमट सुलतानांच्या काळात रुळला हे खरं. त्याआधी आपण दगडावर दगड पुढे सरकवत छत मिटवत होतो. पण रुळल्यावर तो कुणाचा राहिला? कृष्णाकाठी मराठेशाहीतल्या देवळांची विटा-चुन्याची शिखरं नीट बघा, त्यांच्या पोटातले घुमट ज्या गवंड्यांनी बांधले त्यांचा हात कुठे तयार झाला होता? मिरजेच्या दर्ग्यात उरसाला गाणं ऐकायला बसणारा माणूस वर घुमट कुणाच्या धर्माचा ते विचारत नाही. तेव्हा घुमट नको, पण या कारणाने नको. या कारणाने नाकारला तर उद्या कमान नाकारावी लागेल, परवा जाळी, आणि शेवटी चुनासुद्धा.

याचीच उलटी बाजू म्हणजे मोबाइलवरचे फोटो. 'सगळं आपलंच.' या म्हणण्यातही खऱ्याचा अंश आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातच आहे. वाईजवळ लोहाऱ्याच्या लेण्यांत पालपेश्वर म्हणून जे पुजलं जातं तो मुळात स्तूप होता. त्याचं वरचं काढून त्याचं लिंग झालं. आपल्या कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगराचं नावही महादेवाचं आणि पोटात लेणी बौद्धांची. लेण्याद्रीला विहारात गणपती बसला. ही उदाहरणं लपवायची गरज नाही, उलट मोठ्याने सांगायला हवीत. पण एका लेण्यात स्तूपाची पिंड झाली म्हणून जगातली प्रत्येक पिंड स्तूप होती, हा कुठला न्याय? आंध्रातलं गुडिमल्लमचं लिंग इसवी सनाच्या आधीच्या शतकांतलं मानतात आणि त्याचा घाट स्तूपाशी काडीचाही जुळत नाही. लिंगपूजेची आपली स्वतंत्र वाट होती. गोल दिसलं की आपलं म्हणायचं, तर आमच्या गावातलं बायोगॅसचं टाकंही आपलंच म्हणावं लागेल. आणि गंमत बघा: 'घुमट मुसलमानांचा' म्हणणारा आणि 'घुमट आमचा' म्हणणारा, दोघांची विचार करायची रीत एकच आहे. आकारावर सातबारा चढवायचा. हर्मिका कशासाठी, वाट का सोडली, आत का जाता येत नाही, हे दोघांनाही विचारायचं नाही.

'आत काय आहे?' या प्रश्नाने स्तूपांचं जेवढं नुकसान केलं तेवढं पावसानेही केलं नसेल. सांचीला १८२२ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने मोठा स्तूप वरून खालपर्यंत फोडला. हाती काही लागलं नाही, स्तूप मात्र पडायला आला. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव चुनखडीचे दगड लोकांनी बांधकामाला नेले, चुन्यासाठी भाजले. याच्या उलट आपल्या सोपाऱ्याची गोष्ट. गावकरी ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो पडका किल्ला नसून स्तूप आहे हे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ओळखलं, नीट खणलं, आणि आतल्या दगडी पेटीत करंडकात करंडक आणि शेवटी भिक्षापात्राचे तुकडे निघाले. अभ्यासकाने खणणं वेगळं, मला मान्य आहे. पण आज आपण स्वतःच्या हाताने पोकळ स्तूप बांधतो तेव्हा खजिना शोधणाऱ्याचाच प्रश्न मनात ठेवून बांधतो, की आत काहीतरी वापरायला मिळालं पाहिजे. ज्याचा वापर करता येत नाही असं काही आपल्या वस्तीत असू द्यायला आपण तयार नाही का?

गुरुजींचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण बैठकीत सगळ्यांनी तो उडवून लावला आणि तोच खरा अभ्यासातून आलेला होता. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकिकत सांगणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात त्यांचा शिष्य आनंद विचारतो, तथागतांच्या देहाचं काय करायचं? उत्तर येतं: आनंदा, शरीरपूजेच्या भानगडीत तुम्ही पडू नका, आपल्या ध्येयाच्या मागे लागा. गुरुजींनी इथपर्यंत बरोबर सांगितलं. पण सुत्त तिथे थांबत नाही. पुढे लगेच सांगितलंय की चक्रवर्ती राजाचा स्तूप चार रस्ते मिळतात तिथे करतात, तसा तथागतांचा करावा; जे तिथे फुलं वाहतील किंवा ज्यांचं मन तिथे प्रसन्न होईल त्यांचं त्यात हित आहे. म्हणजे भिक्षूंना काम वेगळं आणि चव्हाट्यावरच्या माणसांना वेगळं. आणि चव्हाट्यावर, हे महत्त्वाचं. गाभाऱ्यात नाही, जिथे पुजारी दाराशी उभा राहून कुणाला घ्यायचं ते ठरवतो. ज्या वस्तूला दारच नाही तिथे प्रवेश नाकारायचा कसा? प्रवेशासाठी नाशिकला, पर्वतीला सत्याग्रह करावे लागलेल्या समाजाला याहून आपलं असं बांधकाम दुसरं कोणतं सापडणार आहे? गुरुजींना अवशेषांची पूजा खटकते तर त्यालाही उत्तर डोंगरात आहे. आपल्या लेण्यांतले स्तूप सलग कातळातून कोरलेले असतात. डोंगराचाच भाग, फक्त भोवतालचा दगड काढून मोकळा केलेला. आत अस्थी नाहीत, करंडक नाही. त्याभोवती फिरणारा माणूस कशाची पूजा करत होता? मला वाटतं तो आठवण ठेवत होता, पायांनी. अभ्यासिका हवीच, गुरुजी. ती वरच्या मजल्यावर होईल, आणि घुमट नसला तर सबंध स्लॅब तिला मिळेल.

आता सगळ्यांत जवळची गोष्ट, जी आमच्यापैकी अर्ध्या लोकांनी लहानपणापासून पाहिलीय आणि बैठकीत कुणाला आठवली नाही. आगाशिवाच्या, जखिणवाडीच्या बाजूच्या लेण्यांत जा. साठाहून जास्त लेणी आहेत, बहुतेक छोटी, साधी, कार्ल्यासारखा दिमाख नाही. कार्ल्याला छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं, त्याला लाकडी फासळ्या, खांबांच्या रांगा. आपल्याकडे एखादं तसं कमानदार छताचं चैत्यगृह, म्हणजे स्तूपाचं वंदनागृह, आहे, पण कराडचं वैशिष्ट्य दुसरंच: चौकोनी खोली, वर सपाट छत, आणि तिच्यात स्तूप. आमच्या भागातल्या खडकाच्या आणि पैशाच्या ऐपतीत बसणारं चैत्यगृह. अशा सपाट छताच्या लेण्यांत स्तूपाचं छत्र अनेकदा सुटं नसतंच. यष्टी सरळ छताला भिडते आणि छत्र छतातच कोरलेलं असतं. म्हणजे छताचाच भाग स्तूपाच्या डोक्यावरची छत्री झाला. हे मी लहान असताना पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की स्तूपाने डोंगर उचलून धरलाय. आज गवंड्याच्या नजरेने बघतो तेव्हा दिसतं ते वेगळं: चौकोनी हॉल, सपाट स्लॅब, आत भरीव स्तूप. आमच्या विहाराचा आराखडा दोन हजार वर्षांपूर्वी चार मैलांवर कोरून ठेवलाय आणि आम्ही घुमटासाठी मोबाइलमध्ये थायलंड शोधतोय.

पण मग हायवेवरून दिसायचं काय? पोरांचा प्रश्न मी सोडून दिलेला नाही. त्याचंही उत्तर कराडकरांकडेच आहे. मध्य प्रदेशात भारहुतला स्तूप होता. आज तिथे अंड उरलेलं नाही. उरला तो भोवतीचा दगडी कठडा, जो आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. त्यावर देणगीदारांची नावं आहेत आणि त्यांत एक लेख आहे: 'करहकट निगमस दानं', करहकट नगराचं दान. हे करहकट म्हणजे आपलं कराड असं अभ्यासक मानतात. कोकणात कुड्याच्या लेण्यांत करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचा लेख आहे. कुठे कराड, कुठे भारहुत! इतक्या लांबून दान गेलं आणि राजाच्या नावाने नाही, गावाच्या नावाने गेलं. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांचं नाव आहे. कठड्यांवर भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत, विणकर आहेत. स्तूप स्वतः मुका, बिननावाचा. लोक दिसतात ते कठड्यावर आणि तोरणावर. ज्याला जगाला सांगायचं आहे की आम्ही इथे आहोत, त्याने रस्त्याच्या बाजूला तोरण उभारावं, कठडा घालावा, आणि पट्टी देणाऱ्या प्रत्येक घराचं नाव दगडात कोरावं; ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने दिलेल्या शंभर रुपयांचंही. घुमट लांबून दिसतो, कबूल. पण जवळ आल्यावर त्यावर वाचायला काय असतं? ठेकेदाराचा मोबाइल नंबर.

एक आक्षेप मात्र आहे ज्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. जागा. हॉल तीस बाय वीस. त्यात पाच फुटांचा स्तूप आणि भोवती तीन-तीन फूट वाट धरली तर अकरा फुटांचा गोल गेला. लग्नाच्या बोलणीला, बचतगटाच्या बैठकीला, पावसाळ्यात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बसायचं कुठे? बायका म्हणाल्या, स्तूप अंगणात घ्या. अंगणात घेतला तर एका अंगाला पंचायतीची गटार येते. कुणी म्हणालं तीन फुटांचाच करा. भाज्याच्या लेण्यांत भिक्षूंच्या स्मरणाचे लहान-मोठे १४ स्तूप एका ठिकाणी आहेत, तेव्हा लहानपणाला हरकत नाही, पण मग वाट अरुंद होऊन म्हाताऱ्या माणसांना फिरता येणार नाही, आणि फिरता येत नसेल तर मी एवढं लिहिलं कशाला?

परवा रविवारी आप्पाला घेऊन जुन्या समाजमंदिरात गेलो. त्याने खिळा ठोकला, दोरी बांधली आणि खडूने फरशीवर दोन गोल काढले, आतला स्तूपाचा आणि बाहेरचा वाटेचा. बाहेरचा गोल तीन बाजूंनी पुरा झाला. चौथ्या बाजूला ताटवाट्यांचं लोखंडी कपाट आडवं आलं. पोरं म्हणाली कपाट स्लॅबवर नेऊ. गुरुजी म्हणाले, स्लॅबवर अभ्यासिका आहे. आता पुढची बैठक कपाटावर आहे.